सहा नंबरचा चाकू

किल्ल्या डाव्या खिशात, चाकू उजव्या. ही वाटणी मी मुद्दाम केलेली नाही. किल्ल्यांनी लाकडावर दोन-चार ओरखडे काढले आणि ती आपोआप झाली. खिशात हात घातला की आधी लागते मुठीची गुळगुळीत गोलाई आणि मग पत्र्याची एक थंड कडी. रांग हलत नसते, फोनवरच्या माणसाचं बोलणं संपता संपत नसतं, तेव्हा माझा अंगठा नकळत ती कडी चाचपत राहतो. फिरवत नाही, नुसता चाचपतो.

चाकू ओपिनेलचा आहे, सहा नंबरचा. फ्रान्सच्या आल्प्समध्ये सव्हॉय नावाचा प्रांत आहे, तिथल्या एका कुटुंबाचा हा कारखाना. पातं सुमारे ७ सेंटीमीटर, मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, संपलं. त्यात कात्री नाही, बाटली उघडायची सोय नाही, स्क्रू फिरवायचं टोक नाही. ज्यांना खिशात अख्खी हत्यारांची पेटी लागते त्यांच्यासाठी वेगळे चाकू असतात, आणि ते चांगलेही असतात. मला फक्त कापायचं होतं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा हातात आला तेव्हा तो मला आवडला नव्हता. भेट म्हणून मिळालेला. इतका हलका, की खेळण्यातला वाटला. घडीच्या चाकूकडून माझी एक अपेक्षा होती: उघडताना पाठीमागची स्प्रिंग ताणली जावी आणि पातं जागेवर बसताना ‘कट्’ असा भरघोस आवाज यावा. इथे आवाजच नाही. खाचेत नख अडकवायचं, पातं ओढायचं, ते लाकडाला घासत मुकाट्याने बाहेर येणार. मग दुसऱ्या हाताने कडी फिरवायची. माझा एक मित्र एका हाताने, नुसत्या अंगठ्याच्या झटक्याने उघडणारे चाकू बाळगतो. तो म्हणाला, “अरे, हा उघडेपर्यंत माझं कापून, पुसून, खिशात टाकून होतं!” त्याचं बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

पण त्याच संध्याकाळी मी या चाकूने सफरचंद कापलं आणि माझं मत डळमळलं. जाड पात्याच्या चाकूने सफरचंद कापलं जात नाही, फुटतं. पातं पाचरीसारखं आत घुसतं आणि फळाचे दोन तुकडे ‘टच्’ करून अलग होतात. ओपिनेलचं पातं दोन मिलिमीटरहूनही कमी जाडीचं असतं आणि पाठीकडून धारेकडे अगदी हळूहळू निमुळतं होत जातं. ते फळातून नुसतं पार झालं. चकती मागे उभीच राहिली, पडायला जरा उशीर करून.

स्प्रिंग का नाही, हे कळायला मात्र मला एक गाढवपणा करावा लागला. चाकू खरकटा झाला होता म्हणून मी तो इतर भांड्यांबरोबर पाण्यात टाकला आणि विसरलो. सकाळी पाहिलं तर पातं मुठीत असं रुतून बसलेलं, की नख तुटेल पण पातं हलणार नाही. दोष सर्वस्वी माझा. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, हे काही मला त्या दिवशी नव्याने कळलेलं नव्हतं. पण त्या निमित्ताने मी तो चाकू पहिल्यांदा नीट पाहिला.

मूठ म्हणजे लाकडाचा एकच अखंड तुकडा. दोन फळ्या जोडून केलेली नाही. त्या तुकड्याला एका बाजूने करवतीने चीर पाडलेली, त्या चिरेत पातं झोपतं. पुढच्या टोकाला लाकडावर पत्र्याची टोपी बसवलेली आणि टोपी, लाकूड, पातं या सगळ्यांना आरपार शिवणारा एक रिव्हेट. त्याच्यावर ती फिरती कडी. मूठ, पातं, टोपी, रिव्हेट, कडी: मोजून पाच भाग. पातं धरून ठेवतं ते लाकडाचं घर्षण. म्हणजे स्प्रिंगचं काम इथे लाकूड करतं, आणि लाकूड हे हवेप्रमाणे वागणारं प्रकरण. कोरड्या दिवसांत माझा चाकू लोण्यासारखा उघडतो. दमट हवेत कुरकुरतो. झड लागली की हट्टाला पेटतो. भिंतीवर हवामानयंत्र टांगायची गरज नाही, खिशात आहे.

या रुसव्यावर त्या मुलखातल्या लोकांनीच काढलेला उपाय आहे. फ्रेंचमध्ये त्याला जे नाव आहे त्याचं मराठी मी ‘सव्हॉयकराचा ठोका’ असं करतो. आधी कडी मोकळी करायची, मग बंद चाकू कठीण जागेवर ठक्कन एकदाच ठोकायचा. त्या हिसक्याने पातं केसभर वर उचललं जातं आणि नखाला पकड मिळते. ज्या वस्तूच्या खोडीलाच तिच्या गावाने नाव दिलंय, ती वस्तू त्या गावात किती मुरली असेल!

माझ्या पाणी प्यायलेल्या चाकूला मात्र ठोका पुरला नाही. दोन दिवस सावलीत वाळवला, तेव्हा सुटला. पात्यावर गंजाचे तांबडे ठिपके, लाकूड जरा खरखरीत. तो पुसता पुसता मी या घराण्याबद्दल वाचायला लागलो.

सव्हॉयमध्ये सँ-जाँ-द-मोरिएन नावाचं गाव आहे, त्याच्याजवळच्या डोंगरात ओपिनेल कुटुंबाची भट्टी होती. आजोबा व्हिक्टर-आमेदे आधी फेरीवाले, मग लोहार झाले. मुलगा दानिएलने तेच काम पुढे चालवलं: कुऱ्हाडी, कोयते, छाटणीची हत्यारं. पंचक्रोशीत त्यांच्या धारेचा लौकिक होता. दानिएलचा मुलगा जोसेफ, जन्म १८७२. या पोराने १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, खिशात मावणारा एक साधा चाकू घडवला. सुरुवातीला मित्रांसाठी.

इथपर्यंत मी ज्या गोष्टीची अपेक्षा करत होतो तीच गोष्ट होती. डोंगर, लोहार, ऐरण, पिढीजात कसब. लाकडी मूठ पाहून माझ्या डोक्यात हेच चित्र आधीपासून तयार होतं, आणि अशी चित्रं आपल्याला फार आवडतात. पण पुढे निघालं भलतंच. जोसेफला ऐरणीपेक्षा यंत्रांचं वेड होतं. त्या काळात नवलाईचा असलेला कॅमेरा त्याने स्वतः बनवला आणि गावच्या लग्नासमारंभांचे फोटो काढायला लागला. चाकूच्या मुठी एकेक कोरत बसण्याऐवजी त्या पटापट कापून देणारी यंत्रं तो योजू लागला. बापाला हे पसंत नव्हतं. दानिएलच्या मते चांगली वस्तू हातानेच होते, यंत्राने होतो तो माल. जोसेफने ऐकलं नाही.

म्हणजे मी ज्याला हस्तकलेचा जुना नमुना समजून कुरवाळत होतो, तो मुळात एका यंत्रवेड्या पोराने बापाचा शब्द मोडून काढलेला कारखानी माल. मला हसूच आलं. आणि जरा वेळाने बरंही वाटलं. ‘कुटुंबाचा व्यवसाय’ म्हटलं की आपण लगेच हळवे होतो. जणू आडनाव एकच असलं की माल आपोआप चांगला! नातवाने आजोबांचं नाव विकून खाल्ल्याची उदाहरणं काय कमी असतात? आणि आजोबांनी केलं तेच डोळे मिटून करत राहणं, हीही काही निष्ठा नव्हे. दानिएलचं ऐकलं असतं तर जोसेफच्या हातून उत्तम कोयते झाले असते आणि ते त्या एका खोऱ्यात संपले असते.

१८९७ मध्ये जोसेफने चाकूंची मापं ठरवली, एक ते बारा. पुढे यातले दोन गळाले. एक नंबर इतका इवलासा होता, जेमतेम २ सेंटीमीटरचं पातं, की तो कापण्यापेक्षा साखळीला लटकवायलाच बरा. अकरा नंबर दहा आणि बारामध्ये अंग चोरून उभा. १९३०च्या दशकात दोन्ही बंद झाले. मला यातलं पुढचं आवडतं: उरलेल्यांचे नंबर कोणी बदलले नाहीत. दोन अजून दोनच, बारा अजून बाराच. मधली जागा रिकामी. एकत्र कुटुंबाच्या जेवणाच्या पंगतीत एखाद्याचा पाट तसाच राहावा, तशी. आज कुठलीही कंपनी असती तर यादी नव्याने ‘सुटसुटीत’ करून मोकळी झाली असती.

पात्यावर एक ठसा असतो, आशीर्वाद देणारा हात आणि वर मुकुट. इतका बारीक, की मी बरेच महिने तो नीट पाहिलाच नव्हता. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याने १५६५ साली हुकूम काढला होता, की प्रत्येक चाकू-कारागिराने आपल्या मालावर आपली खूण उमटवावी. जोसेफने १९०९ मध्ये ही खूण निवडली. हात सेंट जॉन द बाप्टिस्टचा. सँ-जाँ-द-मोरिएनच्या कॅथेड्रलमध्ये त्या संताच्या बोटांचे अवशेष जपले आहेत अशी श्रद्धा आहे, आणि म्हणून गावाच्या चिन्हावरही तोच हात आहे. मुकुट सव्हॉयच्या जुन्या डचीचा, म्हणजे ड्यूकच्या राज्याचा. सव्हॉय फ्रान्समध्ये सामील झालं १८६० मध्ये, म्हणजे जोसेफच्या जन्माच्या फक्त बारा वर्षं आधी. यंत्रांच्या मागे धावणाऱ्या माणसाने ठसा निवडताना मात्र मागे वळून गावाकडे पाहिलं.

कडी नंतरची. १९५५ मध्ये जोसेफचा मुलगा मार्सेल याने ती आणली. तिला त्यांच्याकडे विरोब्लॉक म्हणतात. तोवर पातं उघडं असताना चुकून मिटलं तर बोटांवरच यायचं. कडीला एक फट आहे. ती मुठीच्या चिरेसमोर असेल तर पातं हलतं. कडी जरा फिरवली की फट बाजूला जाते आणि पात्याची वाट बंद होते. एवढीशी युक्ती. २००० मध्ये तिच्यात थोडी सुधारणा झाली आणि ती मिटलेल्या पात्यालाही अडवू लागली, म्हणजे खिशात चाकू आपोआप उघडायचा नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांत चाकूच्या रचनेत नजरेत भरावेत असे बदल एवढेच. सहा नंबर हा कडी असलेल्यांतला सर्वांत लहान. दोन ते पाच नंबरांना ती नसते. माझी निवड एवढ्या एका गोष्टीवर झालेली आहे. लहानही हवा आणि बोटंही हवीत.

१९८५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जगातल्या शंभर सुंदर वस्तूंमध्ये याला पोर्शे ९११ या मोटारीच्या बरोबरीने जागा दिली, वगैरे. यापेक्षा मला १९८९ची गोष्ट जास्त मोठी वाटते. त्या वर्षी ‘ओपिनेल’ हा शब्द लारूस या फ्रेंच शब्दकोशात गेला. आडनावाचं सामान्यनाम झालं.

आता पोलादाबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. ओपिनेल दोन प्रकारच्या पोलादात मिळतो. एक न गंजणारं, दुसरं कार्बनचं. शहाण्या माणसाने पहिलं घ्यावं. मी कोणालाही भेट देताना तेच देतो, कारण भेट दिलेल्या वस्तूबरोबर कामं देऊ नयेत. माझ्याकडे मात्र कार्बनचं आहे. त्याला ओलं ठेवलं की तास-दोन तासांत ठिपके पडतात. लिंबू कापून पुसलं नाही तर डाग. कांद्याने काळवंडतं. वापरलं की पुसायचं, आणि अधूनमधून तेलाचा एक थेंब. बिजागरीतही एक.

बदल्यात ते काय देतं? एक तर धार. निसण्यावर दहा-बारा हात मारले की पुन्हा केस कापेल अशी. पोलादांच्या बारीकसारीक फरकांवर रात्र रात्र वाद घालणारे शौकीन असतात. त्यांचं वाचताना मला नेहमी वाटतं, की यांनी शेवटचं काही कापलं कधी? धार लावताना दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांचा कोन राखायचा असं सांगतात. मी अंश मोजत नाही, कानाने ऐकतो. कोन बरोबर असला की दगडावर एकसारखी ‘सर्र’ येते. चुकला की आवाज फाटतो. हे जमायला मला काही महिने लागले आणि तोवर पात्यावर उभे-आडवे चरे पडले. ते अजून आहेत.

आणि दुसरं म्हणजे रंग. नवं कोरं कार्बनचं पातं आरशासारखं चकचकीत असतं, थोडं निर्विकारच. पहिल्या सफरचंदानंतर त्यावर निळसर ढग उमटतात. मग करडे. मग कुठे जांभळट, कुठे पितळी झाक. फळातल्या आम्लाने पोलादावर चढलेला तो पातळ थर. गमतीची गोष्ट अशी, की हाच थर पुढे तांबड्या गंजाला थोडाफार अडवतो. म्हणजे चाकू जितका वापराल तितका तो स्वतःला सांभाळतो, आणि पेटीत ठेवलात तर बिघडतो.

हे मला नीट कळलं ते पहिला चाकू हरवल्यावर. हरवला म्हणजे काय, विमानप्रवासाला निघालो आणि तो खिशात आहे हेच विसरलो. तपासणीच्या टेबलावर एका अतिशय सभ्य माणसाने तो माझ्याकडून मागून घेतला. नियम मला माहीत होता. बोलायला जागाच नव्हती. टोपलीत माझ्यासारख्या विसराळू लोकांच्या कात्र्या पडल्या होत्या, त्यांवर तो जाऊन पडला.

घरी आल्यावर मी दुसरा मागवला. तोच नंबर, तेच पोलाद, तीच बीचची मूठ. यंत्रातून निघालेली हुबेहूब जोडी. आणि हातात घेतला तर परका. पहिल्याची मूठ हाताच्या तेला-घामाने मधासारखी काळसर झाली होती. अंगठा टेकायचा तिथे वॉर्निश उडून लाकूड उघडं पडलं होतं. पुढच्या कोपऱ्याची कड चिरेत नख घालून घालून गोल झाली होती. या नव्याला काहीच झालेलं नव्हतं. पाण्यात फुगून वाळल्यावर मी पहिल्याची मूठ बारीक पॉलिशपेपरने घासली होती. तेव्हा मी तिचा आकारही थोडा बदलला असणार, नकळत.

तेव्हा मला दानिएल आठवला. पोराच्या यंत्रांवर कुरकुरणारा तो बाप. चांगली वस्तू हातानेच होते, हे त्याचं म्हणणं अगदीच फुकट गेलेलं नाही. फक्त हात बदलला. जोसेफच्या यंत्रांनी चाकू अर्ध्यावर आणून सोडला, सरळ, स्वस्त, सगळ्यांना सारखा. उरलेला अर्धा ज्याच्या खिशात जाईल त्याने करायचा. बापलेकांचा तो वाद माझ्या मुठीत अजून चालू आहे आणि दोघंही थोडे थोडे जिंकतायत.

दुसऱ्या चाकूलाही आता बरीच वर्षं झाली. त्याच्या पात्यावर मधोमध एक गडद डाग आहे, लिंबाचा. तो कधी पडला हे मला आठवतं, पण सांगण्यासारखं त्यात काही नाही. पुसायला विसरलो, इतकंच.

मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा तिच्यासाठी त्यांचा मुलांचा चाकू आणला. माप सात नंबरचं, कडी आहेच, फक्त पात्याचं टोक गोल. माझ्यापेक्षा एक नंबर मोठा चाकू आपल्याकडे आहे, हे तिने आठवडाभर सगळ्यांना सांगितलं. पहिले काही दिवस नियम फार कडक होते: बसूनच उघडायचा, कापताना पातं अंगापासून दूर न्यायचं, दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. ती ते माझ्यापेक्षा काटेकोरपणे पाळते. मी एकदा उघडा चाकू तिच्याकडे सरकवला तर म्हणाली, “बाबा, कडी!”

परवा दिवसभर पाऊस होता. ती काडीला टोक करत बसली होती, कशासाठी ते तिलाच ठाऊक. मला एका पार्सलची दोरी कापायची होती. मी खिशातून चाकू काढला, कडी फिरवली, नख अडकवलं. पातं ढिम्म. दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा नख वाकलं. ती हातातलं काम थांबवून बघत होती.

“द्या इकडे,” म्हणाली.

मी मिटलेलाच दिला. तिने कडी मोकळी आहे ना ते पाहिलं, चाकू मुठीत धरला आणि टेबलावर ठक्कन एकदा ठोकला. पातं केसभर वर आलं होतं. ते तिने उघडलं नाही, तसंच माझ्याकडे परत केलं आणि पुन्हा आपल्या काडीकडे वळली.